घरातला रोजचा वापर आणि पर्यावरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करायची?

विजेच्या आणि पाण्याच्या मीटरपासून. बांबूचा टूथब्रश, काचेच्या बरण्या, नव्या कापडी पिशव्या आणायची घाई नको. घराचा खरा भार डोळ्यांना सहज दिसत नाही. तो पाणी तापवण्यात, खोली थंड किंवा गरम करण्यात, फेकलेल्या अन्नात आणि वरचेवर होणाऱ्या खरेदीत असतो. दिसणाऱ्या वस्तू बदलल्या की समाधान पटकन मिळतं, भार मात्र होता तेवढाच राहतो.

आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी दोन्ही मीटरचे आकडे वहीत टिपा. ज्या दिवशी आकडा उसळला, त्या दिवशी घरात काय चालू होतं ते शेजारी लिहा. बहुतेक घरांत विजेचा मोठा वाटा दोन-तीन उपकरणंच खातात. तुमच्या घरातली ती कोणती, हे ही वहीच सांगेल.

कोणतं उपकरण किती वीज घेतं, हे मीटरवरून कळतं का?

कळतं, आणि त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. डिजिटल मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२०० किंवा १६००. दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजा, त्यांना या आकड्याने गुणा आणि आलेल्या उत्तराने ३६ लाखांना भागा. त्या क्षणी घर किती वॉट वीज घेत आहे ते मिळेल. मीटर ३२०० चा असेल आणि दिवा दर १० सेकंदांनी लुकलुकत असेल, तर वापर सुमारे ११२ वॉट. आता एखादं उपकरण चालू करून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या उपकरणाची वीज.

मग सगळी उपकरणं त्यांच्या स्वतःच्या बटणाने किंवा रिमोटने बंद करा, पण प्लग तसेच आणि भिंतीवरची बटणं चालू ठेवा. अजूनही दिसणारा वापर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, चार्जर यांचा असतो. नुसते ५ वॉट वर्षभर अखंड चालू राहिले तरी सुमारे ४४ युनिट होतात. सगळे प्लग काढल्यावरही दिवा लुकलुकत असेल, तर वायरिंगमध्ये कुठेतरी वीज गळत असण्याची शक्यता आहे. तिथे स्वतः प्रयोग करू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

सगळे दिवे एलईडी केले, तरी वीज फारशी कमी का झाली नाही?

कारण उजेडाला वीज थोडी लागते आणि उष्णतेला खूप. एक लीटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॉट-तास लागतात. शॉवरमधून मिनिटाला ९ लीटर पाणी येत असेल, तर ८ मिनिटांत ७२ लीटर होतं. ते २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला जवळजवळ १.७ युनिट लागतात. एवढ्या विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा १८५ तास जळतो. एलईडी लावणं योग्यच आहे. ९ वॉटचा दिवा जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड देतो. पण एकदा ते झालं की पुढचं लक्ष गरम पाण्याकडे द्यायला हवं.

शॉवरखाली १० लीटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते पाहा. एका मिनिटाच्या आत भरली, तर मिनिटाला ६ ते ७ लीटर पाणी देणारा शॉवर बसवा. एक अडचण आधीच लक्षात घ्या : साठवणटाकी नसलेल्या तात्काळ गिझरला चालू होण्यासाठी ठराविक किमान प्रवाह लागतो. शॉवर फारच बारीक निवडला, तर गिझर मध्येच बंद पडतो आणि अंगावर एकदम गार पाणी येतं. हा किमान प्रवाह गिझरच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. आधी तो बघा, मग शॉवर घ्या.

गिझरचं तापमान किती ठेवावं? कमी ठेवलं तर वीज वाचेल ना?

वाचेल, पण साठवणीच्या गिझरमध्ये ते फार खाली आणू नका. साधारण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला जातीचे जीवाणू वाढतात आणि ते पाण्याच्या बारीक तुषारांतून फुफ्फुसात जाऊ शकतात. म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावं आणि अंघोळीच्या वेळी त्यात गार पाणी मिसळावं. बचत दुसरीकडे शोधा : गिझर दिवसभर चालू ठेवण्याऐवजी वापराच्या थोडा आधी लावा. गिझरमधून निघणाऱ्या गरम पाण्याच्या नळीला पहिले दोन मीटर तरी फोमचं आवरण घाला.

गिझर पूर्वीपेक्षा उशिरा तापत असेल आणि आतून कडकड आवाज येत असेल, तर तळाशी आणि कॉइलवर क्षारांचा थर बसला आहे. जड पाण्याच्या भागात दर एक-दोन वर्षांनी टाकी साफ करून घ्या. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची दांडी, म्हणजे अॅनोड, तपासून घ्या. टाकीऐवजी ती दांडी गंजावी यासाठीच ती बसवलेली असते. दांडी संपली की टाकीची पाळी येते. थोड्या खर्चाची दांडी वेळेवर बदलली तर अख्खा गिझर भंगारात जाणं वाचतं.

एसी वापरायचाच असेल तर काय पाहावं?

तापमान जितकं बाहेरच्या जवळ, तितका कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो. २६ अंश आणि सोबत पंखा, हे २२ अंशांइतकंच सुसह्य वाटू शकतं. आधी दुपारच्या उन्हाला खिडकीच्या बाहेरच अडवा. पडदा आतून लावला, तर उष्णता काचेतून आत आलेली असते. सज्जा, चटई किंवा बाहेरची झडप जास्त काम करते. सतत वापरात असलेल्या एसीची जाळी दर दोन आठवड्यांनी धुवा.

गॅसकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. 'गॅस कमी झालाय' याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. आर-४१०ए या गॅसची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त आहे, म्हणजे एक किलो गॅस हवेत सुटला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. म्हणून दरवर्षी नुसता गॅस भरून घेऊ नका. आधी गळती शोधून सांधा दुरुस्त करायला सांगा, नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायला लावा आणि मग गॅस वजन करून भरून घ्या. नवा एसी घेताना आर-३२ (सुमारे ६७५ पट) किंवा आर-२९०, म्हणजे प्रोपेन (अगदी नगण्य) असलेला पाहा. प्रोपेन ज्वलनशील आहे, तेव्हा तो बसवायला त्याचं प्रशिक्षण घेतलेलाच माणूस हवा.

आणि फ्रिज?

आत ३ ते ५ अंश, फ्रीझरमध्ये उणे १८. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला, तर रबर सैल झालं आहे. आधी रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून पाहा, कारण पुष्कळदा नुसत्या चिकट मळामुळे ते नीट बसत नाही. मागे हवा खेळेल एवढी जागा सोडा आणि उघडी कॉइल असेल तर वर्षातून दोनदा धूळ झाडा.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करावं म्हणतो, पण वास येतो. कुठे चुकतं?

जवळजवळ नेहमीच दोन ठिकाणी : सुकं साहित्य कमी पडतं किंवा हवा कमी पडते. या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण हे काम नीट जमलं तर घरातला सर्वांत घाण वाटणारा कचरा घरातच संपतो. तोच कचरा कचराभूमीत ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तीव्र आहे.

२० ते ३० लीटरचे झाकणाचे डबे घ्या. एक डबा चार आठवड्यांत भरत असेल आणि भरल्यावर खत व्हायला आणखी दोन महिने लागत असतील, तर एकूण तीन डबे लागतात. एकाच डब्यावर भागवायला गेलं की कच्चं आणि पिकलेलं मिसळतं आणि खत कधीच हाताला लागत नाही. डब्याच्या तळाला आणि बाजूंना ८ मिलिमीटरची भोकं पाडा. डबा विटांवर उचलून ठेवा आणि खाली ताटली सरकवा. तळाशी जाड काटक्यांचा पाच-सात सेंटिमीटरचा थर द्या. तो नसेल तर खालची भोकं लगद्याने बुजतात आणि पाणी साचतं.

रोजचा ओला कचरा निथळून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून घाला. एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा घाला. लाकडाचा भुसा असेल तर एक वाटी पुरतो, कारण त्यात कार्बन जास्त असतो. हे माप वजनाचं नाही, आकारमानाचं आहे. जीवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो, तो या मापाने साधारण जुळतो. पहिल्याच दिवशी मूठभर तयार खत किंवा बागेतली माती विरजणासारखी टाका. दर तीन-चार दिवसांनी तळापर्यंत ढवळा. वर नेहमी सुक्याचाच थर राहू द्या.

ओलावा मुठीने तपासा. मिश्रण घट्ट दाबलं की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर सुकं वाढवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

वास कसा आहे त्यावरून दोष ओळखता येतो. झोंबणारा, अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त झालं, सुकं घाला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही, तेव्हा सगळं बाहेर काढून मोकळं करा आणि काटक्या मिसळून परत भरा. चिलटं येत असतील तर ओलं उघडं राहिलं आहे, त्यावर तीन-चार सेंटिमीटर सुका थर द्या. जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सैनिकमाशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि माणसाला त्रास देत नाहीत. नकोशा वाटल्या तर ओलावा कमी करा.

काहीच वास नाही, पण महिनाभर काहीच बदलत नाही, असंही होतं. तेव्हा मिश्रण बहुधा कोरडं पडलेलं असतं. शिवाय छोट्या डब्यात उष्णता टिकत नाही. मोठ्या ढिगात ५५ अंशांच्या वर जाणारं तापमान इथे क्वचितच मिळतं. म्हणून रोगट झाडं, तणाचं बी आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा या डब्यात घालू नका. ते मारायला लागणारी उष्णता इथे तयार होत नाही.

खत तयार झालं हे कसं ओळखायचं?

रंग गडद, वास पावसाने भिजलेल्या मातीचा, आणि मूळ पदार्थ ओळखू न येणारा. खात्रीसाठी थोडं ओलसर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून महिनाभर थांबा. कच्चं खत मुळांजवळचं नत्र स्वतःच ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. वापरताना एक भाग खताला तीन-चार भाग माती.

'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी त्याच डब्यात टाकली तर?

बहुधा महिनोन्‌महिने तशीच राहील. अशा पुष्कळ वस्तू पीएलए नावाच्या पदार्थापासून बनतात आणि तो कुजायला सुमारे ६० अंशांपर्यंत तापणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. 'घरी कुजणारी' असं स्पष्ट प्रमाणित केलेलं असेल तरच डब्यात टाका, तीही तुकडे करून. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' प्लास्टिक तर कुजतच नाही, त्याचा नुसता चुरा होतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात त्यापासून बनलेल्या वस्तूंवर बंदी घातली, ती याच कारणाने.

प्लास्टिकवर त्रिकोणात आकडा आहे, म्हणजे ते पुन्हा वापरात येतं ना?

नाही, हा फार मोठा गैरसमज आहे. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो : १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलीप्रॉपिलीन, ६ पॉलीस्टायरीन आणि ७ बाकी सगळं. यांतलं १ आणि २ सर्वांत जास्त गोळा होतं. ५ चं काही ठिकाणी होतं. चकचकीत, अनेक थरांची पाकिटं जवळजवळ कुठेच होत नाहीत, कारण त्यातले प्लास्टिक आणि धातूचे थर सहज वेगळे करता येत नाहीत. काळे डबे प्रकाशकिरणांनी वर्गवारी करणाऱ्या यंत्रांना बहुधा दिसतच नाहीत. तेलकट पुठ्ठा आणि गुळगुळीत, उष्णतेने छापलेल्या पावत्या कागदात मिसळू नका. अॅल्युमिनियम मात्र आवर्जून वेगळं काढा. खनिजापासून नवं बनवण्याच्या तुलनेत पुनर्वापरात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांऐवजी काच आणि स्टील आणू का?

गरम आणि तेलकट पदार्थांसाठी आणा. बाकीचे डबे फुटेपर्यंत वापरा. धडधाकट वस्तू टाकून 'हिरवी' वस्तू आणणं म्हणजे एक वस्तू कचऱ्यात आणि एक नवी कारखान्यातून. पिशव्यांचंही तेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालानुसार, फक्त हवामानबदलाचा निकष लावला तरी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली तर ती दुकानातल्या साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. घरात दहा कापडी पिशव्या असतील तर अकरावी घेऊ नका, फुकट मिळाली तरी.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सफाई चांगली होते का?

फेस छान येतो, पण काम होत नाही. आम्ल आणि अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, इथे सोडा) एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. दोन्ही चांगले आहेत, फक्त वेगवेगळे वापरा. नळावरचा पांढरा क्षार, किटलीतला थर यांना आम्ल लागतं : एक लीटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, अर्धा तास भिजवून चोळा. तेलकट थराला अल्कली लागतो : गरम पाण्यात धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा ओलसर करून घासायला बरा. आम्ल संगमरवरावर घालू नका, त्यावर कायमचे डाग पडतात. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमवर नको, ते काळं पडतं.

हे मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या : ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट साफ करायचं आम्लही त्यात आलं. अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन. दोन्ही विषारी आहेत.

सालींचं बायोएन्झाइम करावं का?

साली वाया जात असतील तर करा. वजनाने एक भाग साखर, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने. प्लास्टिकची बाटली घ्या, पाव भाग रिकामी ठेवा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करा. आत वायू साठून काचेची बाटली फुटल्याने इजा होऊ शकते. तयार द्रव हे मुख्यतः सौम्य आम्ल असतं. फरशी पुसायला चालेल, पण ते जंतुनाशक नव्हे. आजारपणात त्यावर विसंबू नका.

कपडे धुताना सर्वांत मोठा फरक कशाने पडतो?

पाण्याच्या तापमानाने. गरम पाण्याच्या धुलाईत बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. रोजच्या कपड्यांना ३० अंश किंवा गार पाणी पुरतं. ड्रम भरा, पण वर एक तळहात आडवा जाईल एवढी जागा सोडा. पावडर जास्त घातली तर फेसामुळे कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि मशीन जादा पाण्याने खळबळतं. सतत गार पाणी वापरलं की रबराच्या खाचेत बुळबुळीत थर साचून कुबट वास येतो. म्हणून महिन्यातून एकदा मशीन ६० अंशांवर रिकामं फिरवा आणि एरवी दार उघडं ठेवा. कृत्रिम धाग्यांचे कपडे प्रत्येक धुलाईत सूक्ष्म तंतू सोडतात. ते कमी वेळा, भरलेल्या ड्रममध्ये आणि छोट्या चक्रात धुवा. वाळवायला दोरीइतकं चांगलं काही नाही.

पाणी कुठे गळतंय हे कसं शोधायचं?

झोपताना पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा, रात्री पाणी वापरू नका, सकाळी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर आधी कमोडच्या टाकीवर संशय घ्या. टाकीत खाण्याचा रंग घाला आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर खराब आहे. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ थेंबाच्या आकारानुसार दिवसाला ५ ते २० लीटर पाणी घालवतो, आणि बहुतेकदा दुरुस्ती म्हणजे एक वायसर बदलणं.

आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं काय करावं?

फरशी, संडास, गाडी धुणं. त्यात क्षार दाटलेले असतात, म्हणून कुंड्यांना रोज घालू नका. त्याआधी एक तपासा : पाण्यातले विरघळलेले क्षार लीटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील आणि आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेटसारखा दोष नसेल, तर सहसा आरओची गरजच नसते.

घरातली झाडं हवा शुद्ध करतात का?

जाणवेल इतकी नाही. हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून पसरला, पण तो बंदिस्त पेटीत केलेला होता. खोलीत खिडकी उघडणं कितीतरी पटींनी जास्त काम करतं. झाडं आवडतात म्हणून जरूर लावा.

जुनं उपकरण दुरुस्त करावं की नवं कमी विजेचं घ्यावं?

उपकरणावर अवलंबून आहे. फोन आणि लॅपटॉप यांचा बहुतेक भार ते बनवतानाच पडलेला असतो. बॅटरी किंवा काच बदलून ते जितकी वर्षं जास्त चालवाल तितकं चांगलं. फ्रिज, एसी, गिझर यांचा भार मुख्यतः वापरात पडतो. फार जुना फ्रिज बदलणं योग्य ठरू शकतं. पण आधी बाकी सगळं बंद ठेवून मीटरच्या आकड्यांवरून त्याची चोवीस तासांची वीज मोजा, तिला ३६५ ने गुणा आणि नव्याच्या लेबलवरच्या वार्षिक आकड्याशी ताडून पाहा. जुना फ्रिज 'जादा' म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवलात तर बचत झालीच नाही.

संपलेले सेल आणि जुन्या ट्यूब कुठे टाकायच्या?

घरच्या कचऱ्यात कधीच नाही. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली तर पेट घेऊ शकते. तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्ज करू नका, ती लगेच नेऊन द्या.

सीएफएल आणि ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. फुटली तर सगळ्यांना खोलीबाहेर काढा, खिडकी उघडा, पंखा-एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने पारा हवेत पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला, शेवटी ओल्या कागदाने पुसा. पुठ्ठा आणि कागदासकट सगळं झाकणाच्या बरणीत भरून त्याच केंद्रात द्या.